शून्यावरचा काटा

"इंजिन धडधडून राहिलं अन् काटा शून्यावर! डोळे आहेत का बटनं?"

नारायणरावांचा आवाज जनरेटरच्या शेडमधून थेट तिसऱ्या मजल्यावर गेला. मदन महल भागातल्या त्या सोसायटीत एकानेही खिडकी उघडून पाहिलं नाही. सगळ्यांना सवय झाली होती.

जनरेटर सांभाळणारा भैयालाल हात बांधून उभा होता. "रोजच्यासारखं चालवून पाहिलं, काकाजी. इंजिन लागलं, पण करंटच नाही."

"मग बंद कर ना! माझं तोंड काय पाहून राहिला?"

कधी फ्यूज सैल, कधी कार्बन ब्रश टेकलेलाच नाही. आठवड्यातून दोनतीनदा हे ठरलेलं. लोड शेडिंगमध्ये मात्र सोसायटी एकदाही अंधारात बसली नव्हती. जे बिघडायचं ते सकाळच्या चाचणीतच, आणि नारायणराव ते तिथल्या तिथे पकडायचे. सारी हयात कारखान्याच्या वीजघरात काढलेला माणूस. ढिलं काम पाहिलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

निवृत्तीनंतर हाच माणूस पार विझला होता. भिंतीकडे तोंड करून बसायचा, ताट तसंच परत जायचं. त्यांच्या पत्नी कुसुमबाई बोलून बोलून थकल्या. डॉक्टरांच्या गोळ्या न घेता उशीखाली साठवलेल्या सापडल्या, तेव्हा त्या बिचाऱ्या घाबरूनच गेल्या. मग एकदा हा जनरेटर बंद पडला, मिस्तरी मिळेना, म्हणून कोणीतरी नारायणरावांना हाक मारली. तेव्हापासून त्यांची तोफ थांबली नव्हती.

त्यांनी झाकण उघडलं. फ्यूज ठीक. ब्रश ठीक. ते पेचकस मागणार तोच भैयालालने तो पुढे केला.

"एवढं समजते, तर आधी काहून नाही पाहिलं?"

व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची एक वायर सुटून लोंबत होती. परवाच त्यांनी स्वतः वॉशर घालून तो स्क्रू आवळला होता. कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

"हादऱ्यानं सुटली असन, काकाजी."

"मी आवळलेला स्क्रू? हादऱ्यानं? कोणाले शिकवून राहिला बे?"

वायर बसली, इंजिन लागलं, काटा सरसर वर चढला. पारा काही उतरला नाही. तसेच काळ्या हातांनी ते अध्यक्ष बापूसाहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"या भैयालालले आजच्या आज काढा. लायकीच नाही त्याची!"

बापूसाहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "शांत व्हा, नारायणराव. चलो, आणखी एक मौका देऊ त्याले. तुम्ही आहात म्हणून तर मशीन चालून राहिली."

"मी आहे म्हणूनच तो माजला!"

रात्री जेवतानाही तोंडाचा पट्टा चालूच होता. "अन् तू त्याले रोज डबा देते! तूच चढवून ठेवलं त्याले."

"गरीब आहे हो. दोन लेकरं आहेत घरी," कुसुमबाई म्हणाल्या. "राहू द्या ना जी. सांगा तुम्ही बापूसाहेबांना."

"काही राहू द्यायचं नाही! उद्या पाहतोच त्याले. सकाळी लवकर उठव मले." त्यांनी चौथी पोळी मोडली, वर भात मागितला, ताट पुसून लख्ख केलं. मग चरफडतच पलंगावर आडवे झाले आणि थोड्या वेळात घोरायला लागले.

दारावर हलकी टकटक झाली. रिकामा डबा घेऊन भैयालाल उभा होता. त्याने आत डोकावून घोरणं नीट ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काकूजी, बापूसाहेब विचारून राहिले, उद्याले कोणती वायर सोडायची?"