आय-आयचं बोट

तिन्हीसांजेला लवंगेच्या झाडावर आय-आय दिसला, की आमचं गाव काठ्या घेऊन धावायचं. हा माकडासारखा लेमूर आपलं लांबडं बोट ज्याच्याकडे रोखतो तो मरतो, म्हणून बोट रोखायच्या आतच आय-आयला मारायचं; एकदा रोखलं, की मारून उपयोग नाही. पण झाडाखाली दर वेळी वेलूआजी उभी!

"उशीर केलात रे! त्यानं बोट मला दाखवलं. मला चालतंय. जा घरी, भात निवतोय."

"दर वेळी बरं तुलाच दाखवतो गं, म्हातारे!" सगळ्यात जाड काठीवाला बुतुवाव चिडायचा.

गेल्या महिन्यात आजी गेली. नव्वदी उलटून, झोपेत.

काल आय-आय पुन्हा आला. आम्ही धावलो. झाडाखाली बुतुवाव उभा होता, रिकाम्या हातांनी.

"उशीर केलात रे," तो म्हणाला. "त्यानं बोट मला दाखवलं."