कडी काढ, साजणी

वडनेर भोलजीला किसनरावांच्या तेरवीत महाराजांनी प्रवचनासाठी अभंग घेतलाच नाही, सिनेमातलं गाणं घेतलं. शेवटचे काही महिने म्हातारा दिवसभर तेच गात होता, असं थोरल्या मुलानं, गोकुळनं त्यांना सांगितलं होतं.

“कडी काढ, साजणी, उभा मी कवाडात,” महाराज माईकवर गायले. “लोक म्हणतीन, हे तर चावट गाणं हाय. पण साजणी म्हंजे माउली, अन् कडी हाय मायेची! जीव देवाले विनवून राह्यला, का आता मले मोकळं कर.” मांडवातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. गोकुळनंही नाक पुसलं.

बुलढाण्याहून आलेल्या लेकीला, सुचितालाही रडू फुटलं. तिनं फोन केला की मागून हेच गाणं ऐकू यायचं आणि गोकुळ म्हणायचा, “बाबा भजनात रमले बाई, आता कोनासंगच बोलत नाही.”

फोटोपुढं ठेवायला बाबांची टोपी आणावी म्हणून ती मागच्या खोलीकडं गेली. दाराला बाहेरून नवीकोरी कडी ठोकलेली होती. आतल्या बाजूनं फळीवर नखांचे ओरखडे होते आणि कोपऱ्यातून मुताचा उग्र दर्प येत होता.

ती तशीच मांडवात आली. गोकुळकडं किळसून बघत तिनं महाराजांच्या हातातला माईक ओढून घेतला.



“महाराज, माह्या बापाले मोक्ष नव्हता पाह्यजे. त्याले आंगणात यायचं होतं.”