बद्द आवाज

चीनहून आलेली लिन चिनी मातीची भांडी घडवायची. महिनाभर ती सुंदराबाई कुंभारणीच्या घरी राहिली, आपलं काम दाखवत आणि त्यांचं शिकत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्यावाचून काही अडलं नाही. भट्टीतून निघालेलं मडकं एकीनं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर दुसरी मान डोलवायची. बद्द वाजलं तर मुकाट्यानं बाजूला ठेवायची. वरून कितीही साजरं दिसो, आत तडा असायचाच.

निरोपाच्या दिवशी गावानं दोन कामं एकत्र उरकायचं ठरवलं. पाण्याच्या नव्या टाकीखाली, सावलीला, सगळं गाव जमलं. लिनला परभणीहून आणलेला हार घालायचा आणि तिच्याच हातानं टाकीत पहिलं पाणी सोडायचं. सुंदराबाईंनी भेट दिलेलं, मडकं थापायचं लाकडी चोपणं तिच्या हातात होतं. बसल्या बसल्या तिनं ते शेजारच्या, टाकीच्या निळ्या, नव्याकोऱ्या खांबावर वाजवलं. पुन्हा वाजवलं, आणि सुंदराबाईंकडे पाहिलं.

सुंदराबाई उठून उभ्या राहिल्या. "सरपंच, ह्यो खांब बद्द वाजायलाय. पाणी नका सोडू."

"मावशी, मडकं हाय का ते?" सरपंच हसले, तसं गाव हसलं.

लिनला मोटारीच्या बटणापाशी नेलं, तर तिनं हात मागं घेतला. लाजली असेल, असं म्हणत सरपंचांनी स्वतःच ते दाबलं. वर पाणी पडू लागलं. लिननं मुकाट्यानं दोन खुर्च्या उचलल्या आणि लांब उन्हात नेऊन ठेवल्या.

सुंदराबाईंनी पुढच्या ओळीत बसलेल्या सुनेला हाक मारली. टाळ्यांत ती हाक कुणालाच ऐकू आली नाही.