दोरीवरची सागुती

चुलीवरच्या दोरीला चिकटून राहिलेला सागुतीचा शेवटचा तुकडा मिराबाईनं जिभेवर ठेवला आणि ती दचकून शिजत्या रस्स्याकडं वळली. तुकडा खारट होता. चांगलं मीठ चोळून वाळवलेलं बोकडाचं मटण.

तिच्या माहेरच्या तांड्यात, डोंगरकड्याकडं, सागुती धुरावर टांगताना नुसती हळद लावायचे. मीठ पडायचं ते रस्स्यात. इथं सेनगावाकडं मीठ आधीच चोळतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिलाही विचारायचं सुचलं नव्हतं. दसऱ्याचा बोकड कापला तेव्हा ती माहेरीच होती; नांदायला आली ती त्यानंतर. मघाशी तिनं तपेल्यात मूठभर मीठ टाकलं होतं. चुलीला पहिला घास दिल्याशिवाय रस्सा चाखायचा नसतो, म्हणून चाखलाही नव्हता.

बरं, आजचा रस्सा साधासुधा नव्हता. रझाकारांच्या धामधुमीत गुरं वाचवायला पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात गेलेला सासरा, हरिचंद, सात महिन्यांनी घरी येत होता. नवरा त्याला आणायला सकाळीच गेला होता. सासऱ्याचा वाटा सासूनं, रूपाबाईनं, दोन महिने धुरावर जपला होता. घरात दुसऱ्या कुणाला त्याचा वास घ्यायचीही चोरी. तो तिनं आज सुनेच्या हाती दिला होता. सुनेच्या हातचं सासरा पहिल्यांदाच खाणार होता.

रूपाबाईच्या जिभेला अख्खा तांडा टरकून असे. ती सरपण घेऊन आत आली, तेव्हा लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

“याडी, मी मीठ टाकलं,” मिराबाई म्हणाली. तांड्यात आईही याडी आणि सासूही याडीच.

“किती?”

मिराबाईनं मूठ दाखवली.

रूपाबाईनं मुठीकडं पाहिलं, तपेल्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग तपेलं उतरवून लग्नकार्यातली मोठी डेगची चुलीवर चढवली आणि रस्सा तिच्यात ओतला.

“रडून राहिली काहून? त्यानं आणखी खारट व्हईल. वांगी चीर.”

वांगी पडली, भोपळा पडला, ओल्या तुरीचे दाणे पडले, पाल्यासकट मुळा पडला. तांब्यावर तांब्या पाणी, वर ज्वारीच्या कण्या. डेगची रटरटू लागली. एका माणसाचा वाटा आता निम्म्या तांड्याला पुरला असता. रूपाबाई दारात जाऊन ओरडली, “ए नानीबाई! भाकरी घेऊन या समदे, आज कालवण आमच्याकडं हाय!”

दिवस कलता हरिचंद आला. अंगानं वाळला होता, पण गुरं सगळी परत आणली होती. अंगणात माणसं दाटीनं बसली. रूपाबाईनं चुलीला घास दिला. मिराबाईनं घुंगटाआडून सासऱ्यापुढं वाटी ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

हरिचंदनं भुरका मारला आणि थांबला.

“मीठ जरा जास्तच झालं की वं,” शेजारची नानीबाई बोललीच.

“माझ्या हातून पडलं,” रूपाबाई ताडकन म्हणाली. “डोळ्यांना बराबर दिसून न्हाई राहिलं आता.”

चूक कबूल करताना रूपाबाईला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. घुंगटाआड मिराबाईला हुंदका आवरेना. या बाईला आपण दोन महिने नुसते भीत आलो, याची तिला लाज वाटली.

हरिचंदनं बायकोकडं नीट निरखून पाहिलं. मग घुंगटाकडं.

“तीस वर्सं हिच्या हातचं खाल्लं म्या,” तो म्हणाला. “मीठबी कदी जास्त पडलं न्हाई, अन् ‘माझं चुकलं’ असंबी ही कदी बोलली न्हाई.”

त्यानं वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि सुनेपुढं धरली.

“लेकी, दोन म्हैन्यांत तू हिला जे खाऊ घातलंस, तेच मलाबी वाढ.”