आडनाव न विचारण्याचा ठराव

घरमालकीण मनकर्णाबाईंचा फोन ठेवून शालिग्रामभाऊंनी समोर बसलेल्या धम्मशीलाकडे पाहिलं. "चाला मॅडम, जागा दाखवतो. आता पक्कं समजा."

"याआधीची दोन घरंही पक्कीच होती, भाऊ," ती म्हणाली.

धम्मशीला नर्स. मेहकरहून बदली होऊन चिखलीत आलेली. पायाचं ऑपरेशन झालेली आई उंद्रीला एकटी पडून होती. तिला जवळ आणायचं तर आधी घर हवं होतं.

तिचं बोलणं भाऊंना लागलं. चिखलीत प्लॉट नि घरांचे सौदे करणाऱ्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष. भाडेकरूचं आडनाव मालकानं विचारायचं नाही आणि दलालानं सांगायचं नाही, हा ठराव त्यांनीच भांडून मंजूर करून घेतला होता. सगळ्या जिल्ह्यात तसा नियम व्हावा म्हणून सोमवारी बुलढाण्याला जाऊन कलेक्टरसाहेबांना निवेदन द्यायचं होतं. हाराची ऑर्डरसुद्धा देऊन झाली होती. आणि इकडे खुद्द अध्यक्षांनी पाठवलेल्या बाईला घर मिळेना. फोनवर मालक म्हणायचे, आणा, पाहू. दारात गेलं की कोणाची पुतणी शिकायला येणार असायची, कोणाच्या न्हाणीचं काम निघायचं.

म्हणजे मधल्या मधे कोणीतरी कान फुंकत होतं. भाऊंचा संशय संघटनेतल्याच दीपक नावाच्या दलालावर होता. ठरावाला हात वर न करणारा तो एकटाच. शिवाय धम्मशीला आधी त्याच्याच ऑफिसात गेलेली, त्यामुळे तिचं नाव-गाव सगळं त्याला ठाऊक. भाऊंनी तर फोनवर तिचं नावदेखील कधी घेतलं नव्हतं. "नर्स आहेत, शांत बाई आहेत, आपल्यातल्याच समजा," एवढंच ते प्रत्येकाला सांगत. आत्ताही तेवढंच सांगितलं होतं, आणि अगदी मनापासून.

चौकात दीपक मोबाइलवर बोलत उभा होता. भाऊंना पाहताच त्यानं फोन खिशात टाकला.

"कोणाचा फोन होता बे?"

"घरचा." मग धम्मशीलाकडे पाहत तो म्हणाला, "भेटलं का घर मॅडमले?"

"तुले काऊन पाह्यजे?"

"भेटाले पाह्यजे म्हणून इचारलं, भाऊ."

भाऊ पुढे निघाले. चोराच्या उलट्या बोंबा, असं मात्र त्यांच्या मनात आलं. संध्याकाळच्या बैठकीत याला संघटनेतून काढायचंच.

मनकर्णाबाईंनी खालची खोली धुऊन ठेवलेली दिसली. दार उघडं, खिडकीला नवा पडदा. भाऊंना हायसं वाटलं. बाई मात्र पायरीवरच उभ्या राहिल्या.

"माफ करा भाऊ. पोरगा म्हणते, खाली गोडाऊन करतो."

धम्मशीलानं मान हलवली. ती फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली आणि आईला फोन लावून अजून थोडे दिवस कळ काढ म्हणून सांगू लागली. तिच्या आवाजातला तो सरावाचा शांतपणा भाऊंना सहन होईना.

"मनकर्णाबाई, खरं सांगा. दीपकचा फोन आला होता ना?"

"कोण दीपक?"

"लपवू नका. त्याचं नाव सांगा, आजच त्याले बाहेर काढतो. तुमचं नाव कुठंच येणार नाही."

"मी कोण्या दीपकले ओळखत नाही, भाऊ."

"मंग या मॅडम कोण हायेत, हे तुम्हाले सांगितलं कोणी?"

मनकर्णाबाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तुम्हीच तं सांगितलं. आपल्यातल्याच समजा म्हणाले. आपल्यातल्या असत्या, तं 'समजा' कायले म्हणाले असते?"