पाइपवरची टकटक

शहराच्या रस्त्याखालच्या बोगद्यात बेघरांनी संसार थाटले होते. दारं कुठली, नुसते पडदे. म्हणून घरी येणाऱ्यानं पाइपवर आपली ठरलेली टकटक वाजवायची, अशी रीत होती. शिंपीणबाईंची टकटक म्हणजे दोन जोरात, एक हळू.

आज कपड्यांचं गाठोडं सांभाळत त्यांनी ती वाजवली, तरी नवऱ्यानं पडदा सरकवला नाही.

"कोण आहे?"

"अहो, मीच. कानात बोळे घातलेत का?"

"थट्टा पुरे. आमची ही केव्हाच आलीय घरी."

शिंपीणबाई गोंधळल्या. आतलं शिलाई मशीन घरघरायचं थांबलं, आणि त्यांच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "उघडू नका. कालचीसुद्धा अजून बाहेरच घुटमळतेय."

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे, अंधारात, पाइप वाजला. दोन जोरात, एक हळू.