पाहुणा उठेना

पाहुणा काही उठेना. काळ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा तीच ओळ: डिस्क सापडत नाही.

चिकलठाण्याच्या या कारखान्यात नव्या कॉम्प्युटरच्या पोटात, व्हर्च्युअल मशीनमध्ये, एक जुनं विंडोज ठेवलेलं होतं. भट्टीचं सॉफ्टवेअर तेवढ्यावरच चालायचं. सगळे त्याला पाहुणा म्हणत. आज भट्टीत गिअर चढवून झाले होते आणि ताप आवरायला पाहुणा हवा होता. नाहीतर अख्खा माल वाया.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बिल्किसला दुखणं कधीच सापडलं होतं. सुट्टीत कुणीतरी पाहुण्याच्या फोल्डरचं 'औरंगाबाद युनिट' हे नाव काढून 'छत्रपती संभाजीनगर युनिट' केलं होतं. पाहुणा आपली डिस्क जुन्याच पत्त्यावर शोधत बसला होता. त्याला नवा पत्ता शिकवता आला असता, पण त्यात दुपार झाली असती. जुनं नाव परत टाकलं की काम फत्ते.

पण ते टाकायचं कुणी? बिल्किसनं? शहराचं नाव बदलल्यापासून कँटीनमध्ये दोन टोळकी वेगवेगळी बसत होती, आणि बिल्किस आपला डबा कॉम्प्युटरसमोरच उरकत होती. आता तर पाठीमागं सगळी शिफ्ट उभी. उगाच तिनं वायरी हलवून पाहिल्या, मेमरी वाढवली, पुन्हा रीस्टार्ट केलं.

"काय झालं गं?" भट्टीचा सुपरवायझर कारभारी वाकून म्हणाला. "ताप चढायलाय तिकडं."

"कारभारीभाऊ, फोल्डरचं नाव कुणीतरी बदललंय."

"म्याच बदललं. पाट्या बदला, लेटरहेड बदला, असं फर्मान आलं व्हतं. म्हटलं, हे बी कशाला राहायला पायजे? चुकलं का?"

"पहिलं नाव द्यावं लागंल."

"मग दे की! वाट कशाची बघायलीस?"

बिल्किसनं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले. एकात एक घट्ट धरून ठेवले. कारभारीनं ते हात पाहिले. मागं उभी मंडळी पाहिली. कीबोर्ड आपल्याकडं ओढला आणि ग्रीसनं माखलेल्या एका बोटानं एकेक अक्षर हुडकत जुनं नाव टाकलं.

पाहुणा उठला. भट्टीचा आकडा जरा अडखळला आणि उतरू लागला. बिल्किसच्या जिवात जीव आला.

"जुनंच नाव टाकलं का?" मागून कुणीतरी विचारलं. "कुणी टाकलं?"

तिची मान आपोआप खाली गेली. कारभारीनं मागं न वळता ते काळं बोट वर केलं.

"ह्यानं."

बोट थरथरत होतं. मागच्यांना ते दिसलं नसेल. बिल्किसला दिसलं.